झडप उघडल्यावर फुफ्फुसातलं प्रेशर किती उतरेल? पीव्हीआरच्या एका आकड्यावर न थांबलेलं प्रकरण

पार्श्वभूमी

एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅथ लॅबमधलं (जिथे रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून हृदयातलं प्रेशर मोजतात) प्रकरण आहे. मी तिथे डॉक्टर नाही, प्रेशरच्या ट्रेसिंगवरून गणितं आणि मॉडेलं करणारा बायोमेडिकलवाला. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत आणि आकडे गोल केलेत, पण ते एकमेकांशी जुळतील असेच ठेवलेत, कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तरी चालेल.

पेशंट मराठवाड्यातली, तिशीतली, घरची कोरडवाहू शेती. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नाही. आता चार पावलं चाललं की दम, रात्री उशा लावून झोपायचं, पायाला सूज. निदान नेहमीचंच, संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) आखडलेली, एरिया ०.८ चौरस सेंटिमीटर (निरोगी माणसात ४ ते ६ असतो). झडप पुढे उघडत नाही म्हणून डाव्या कर्णिकेत म्हणजे एलएमध्ये प्रेशर तुंबतं, तिथून मागे फुफ्फुसाच्या शिरांत, केशिकांत, आणि शेवटी पल्मनरी आर्टरीत (पीए), म्हणजे हृदयातून फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत. वर्षानुवर्षं हे चाललं की फुफ्फुसातल्या छोट्या धमन्या आधी आवळतात आणि नंतर त्यांच्या भिंती जाड व्हायला लागतात. म्हणजे प्रेशर दोन कारणांनी चढतं, एक पुढचा तुंबारा आणि दुसरं धमन्यांचं स्वतःचं दुखणं. या बाईच्या बाबतीत नेमकं कुठलं किती, इथेच सगळं अडलं.

इकोत उजवा कप्पा फुगलेला, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून जोरदार गळती, आणि आरव्हीचं म्हणजे या उजव्या खालच्या कप्प्याचं सिस्टोलिक (आकुंचनाच्या वेळचं, वरचं) प्रेशर ९० च्या आसपास. विल्किन्स स्कोअर (झडप फुग्यासाठी किती योग्य त्याचे गुण, कमी तितके बरे) ७, कर्णिकेत गुठळी नाही, ठोके नियमित. म्हणजे झडपेचा विचार केला तर फुग्याने उघडण्यासारखी, ज्याला आपण बीएमव्ही म्हणतो, इनोऊ बलून वापरून.

अडचण

मीटिंगमध्ये दोन मतं पडली. सर्जरीवाल्या सरांचं म्हणणं असं की ट्रायकस्पिड इतकी गळतेय, फुफ्फुसाचं प्रेशर इतकं चढलंय, हे आता फिक्स झालेलं दिसतंय, नुसती मायट्रल उघडून गळती कमी होणार नाही, त्यापेक्षा ओपन करून झडप बदला आणि त्याच वेळी ट्रायकस्पिडला रिंग टाका. कार्डिऑलॉजीच्या मॅडमचं म्हणणं, तिशीतल्या बाईला मेटलची झडप बसवली की जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या, दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याची तपासणी), आणि गावापासून लॅब कोसभर लांब. आधी फुगा, मग बघू.

आणि बाईच्या नवऱ्याचा प्रश्न सगळ्यात सरळ होता. "मॅडम, झडप उघडली की दम जाईल ना तिचा?"

मॅडमनी मला विचारलं की उजव्या कप्प्यावरचा लोड साधारण किती उतरेल याचा काही अंदाज काढता येईल का. नुसतं "उतरेल" नको, आकडा पाहिजे.

कॅथचे आकडे असे होते. पल्मनरी आर्टरी ८४/४२, सरासरी ५६ मिमी पारा. नाडी ९२. (निरोगी माणसाची सरासरी १४ च्या आसपास असते, आणि २० च्या वर गेली की आताच्या व्याख्येप्रमाणे पल्मनरी हायपरटेन्शन.) पीव्हीआर म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा रक्ताला होणारा विरोध. तो काढायचा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, सरासरी पीए प्रेशर वजा वेज प्रेशर (कॅथेटर पीएच्या फांदीत अडकवून मिळणारा एलए प्रेशरचा अंदाज), भागिले कार्डिॲक आउटपुट (हृदय मिनिटाला पुढे ढकलतं ते रक्त). उत्तर वुड युनिटमध्ये येतं, नॉर्मल २ च्या आत. फॉर्म्युला सोपा आहे हो, त्यात घालायचे आकडे सोपे नाहीत.

पहिला निर्णय : कुठला वेज, कुठला आउटपुट

पहिल्यांदा वेज ३३ आला. पण ट्रेसिंग चपटं, ए आणि व्ही लाटा (एलए प्रेशरच्या ओळखीच्या लाटा) नीट दिसत नव्हत्या. मायट्रल स्टेनोसिसमध्ये (झडप आखडण्याच्या याच आजारात) आणि त्यातून पीए प्रेशर इतकं असताना कॅथेटर अर्धवट अडकतं आणि पीएचंच दबलेलं प्रेशर वेज म्हणून दिसतं, हे नेहमीचं आहे. मॅडमनी तिथून रक्त ओढून सॅच्युरेशन (रक्तात ऑक्सिजन किती भरलाय) बघितलं. खऱ्या वेजला फुफ्फुसातून ऑक्सिजन घेतलेलं रक्त यायला हवं, पण कमी आलं, म्हणजे खरा वेज नाहीच. कॅथेटर हलवून परत लावलं, लाटा दिसल्या, सॅच्युरेशन ९५ टक्के, प्रेशर २८. श्वास सोडून झाल्यावरचा आकडा घेतला. ट्रान्सड्युसरची (प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरची) उंची पण परत तपासली. ती १० सेंटिमीटर वरखाली झाली तर सात-साडेसात मिमीचा फरक पडतो, आणि इथे सगळा वादच पाच मिमीचा होता.

आउटपुटचंही तेच. थर्मोडायल्यूशनने (थंड सलाईन टाकून रक्ताचं तापमान किती बदलतं ते बघण्याच्या रीतीने) ३.९ लिटर आला, पण ट्रायकस्पिड इतकी गळत असताना थंड सलाईन पुढे-मागे हेलकावे खातं, त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. फिक पद्धतीने (शरीर रक्तातून किती ऑक्सिजन उचलतं त्यावरून) हिमोग्लोबिन १०.५, धमनीतलं सॅच्युरेशन ९६, पीएतलं ५९, आणि ऑक्सिजनचा खप पुस्तकी म्हणजे चौरस मीटरला १२५ मिली धरला, तर ३.२ येतो. फिकचाच घेतला.

आता गंमत बघा. वेज ३३ आणि आउटपुट ३.९ घेतला तर पीव्हीआर ५.९. वेज २८ आणि आउटपुट ३.२ घेतला तर ८.८. बाई तीच, टेबल तेच, तास तोच. एक आकडा बघून कोणी म्हणेल मध्यम आहे, दुसरा बघून म्हणेल गेलं हाताबाहेर. आम्ही ८.८ धरून पुढे गेलो, कारण वेजचं सॅच्युरेशन त्या बाजूने होतं. पण फाइलमध्ये दोन्ही लिहून ठेवले.

पर्याय

मॉडेल कुठलं करायचं यावर चार वाटा होत्या.

नुसता पीव्हीआर हेच मॉडेल धरायचं, म्हणजे फुफ्फुस म्हणजे एक अरुंद पाइप. यात प्रेशर सरासरी धरलं जातं, ठोक्याठोक्याला होणारी उसळी गायब. पण आरव्हीला त्रास त्या उसळीचाही होतो.

दुसरी वाट, विंडकेसल नावाचं दोन भागांचं मॉडेल, जे ऑटो फ्रँकने १८९९ मध्ये मांडलं. फवारणीचा पाठीवरचा पंप डोळ्यासमोर आणा. हात दांडा थांबून थांबून मारतो पण नोझलमधून फवारा सलग येतो, कारण मधल्या प्रेशरच्या डब्यातली हवा दाबून फुगते आणि हळूहळू सुटते. डबा म्हणजे धमन्यांचा लवचिकपणा, त्याला सी म्हणू. नोझल म्हणजे रेझिस्टन्स, आर. डबा कडक झाला की दांडा मारणाऱ्या हाताला प्रत्येक झटका जाणवतो, नोझल तेवढंच असलं तरी.

तिसरी, त्यात मोठ्या धमनीचा इम्पिडन्स (उसळणाऱ्या लाटेला होणारा विरोध) घालून तीन भागांचं मॉडेल. त्यासाठी फ्लोची लाट प्रेशरच्या लाटेबरोबर एकाच वेळी मोजलेली पाहिजे, ती आमच्याकडे नव्हती. चौथी, सीटीवरून धमन्यांचं अख्खं झाड बांधून त्यात रक्त वाहवायचं. दिसायला भारी, पेपरमध्ये रंगीत चित्रं येतात, पण त्या झाडाच्या टोकाला शेवटी आर आणि सीच चिकटवावे लागतात आणि ते कुठून आणणार. शिवाय कॉन्ट्रास्ट, रेडिएशन, वेळ. सोडून दिलं.

आणखी एक सूचना आली होती की नायट्रिक ऑक्साइड हुंगायला देऊन बघू, धमन्या किती सैल पडतात ते कळेल. मॅडमनी नाही म्हटलं, आणि बरोबरच होतं. पुढे झडप बंद, तुम्ही मागचा नळ मोठा केलात तर जास्तीचं रक्त एलएत जाऊन तुंबणार आणि फुफ्फुसात पाणी भरणार. मॉडेलला आकडा मिळावा म्हणून पेशंटला धोक्यात घालायचं नसतं.

मग दुसरी वाट धरली.

काय केलं

सी काढायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त भागिले पल्स प्रेशर. ३.२ लिटर भागिले ९२ म्हणजे ठोक्याला ३५ मिली, पल्स प्रेशर ८४ वजा ४२ म्हणजे ४२. सी आला ०.८३ मिली प्रति मिमी. निरोगी फुफ्फुसात तो सहज तीन-चारच्या वर असतो. ही रीत सी थोडा जास्त दाखवते, कारण ठोका चालू असतानाच काही रक्त पुढे निघून जातं, सगळं साठत नाही. पण आधी आणि नंतर एकाच रीतीने काढला तर तुलना करता येते.

दुसरा निर्णय खरा महत्त्वाचा, मॉडेलचं पुढचं टोक कुठे सोडायचं. हातापायाच्या रक्ताभिसरणात शेवटचं प्रेशर शून्य धरलं तरी फार बिघडत नाही. इथे पुढे २८ चा बांध आहे. डायस्टोलमध्ये (दोन आकुंचनांच्या मधल्या वेळात) पीएचं प्रेशर उतरतं त्या वक्राला एक्स्पोनेन्शियल बसवलं, तर शेवट शून्य धरून टाइम कॉन्स्टंट (प्रेशर किती वेगाने उतरतं त्याचं माप) ०.७ सेकंदाच्या आसपास येतो आणि शेवट २८ धरून ०.३ च्या आसपास, दुपटीहून जास्त फरक. शिवाय नाडी ९२ म्हणजे डायस्टोल सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढाच, वक्र पूर्ण उतरायच्या आत पुढचा ठोका येतो. म्हणून वक्राच्या भरवशावर न राहता पल्स प्रेशरची रीतच ठेवली आणि पुढचं टोक एलए प्रेशरला बांधलं.

तिसरी गोष्ट आर गुणिले सी, ज्याला आरसी टाइम म्हणतात. साहित्यात म्हटलेलं असतं की फुफ्फुसात तो जवळपास ठरलेला असतो, आर वाढला की सी त्याच प्रमाणात घटतो. याचं कारण पटण्यासारखं आहे. शरीराच्या बाजूला बहुतेक लवचिकपणा महाधमनीत असतो आणि रेझिस्टन्स लांब छोट्या धमन्यांत. फुफ्फुसात तसं नाही, मुख्य धमनी आणि तिच्या पहिल्या फांद्यांत जेमतेम पाचवा हिस्सा लवचिकपणा, बाकी सगळा झाडभर पसरलेला, म्हणजे ज्या छोट्या धमन्या आर ठरवतात त्याच सी पण ठरवतात.

पण फॉर्म्युला कागदावर मांडून बघा, आउटपुट वर-खाली दोन्हीकडे येतो आणि कटतो. उरतं काय, सरासरी पीए वजा एलए, गुणिले ६०, भागिले नाडी गुणिले पल्स प्रेशर. आमच्या बाईचं, २८ गुणिले ६० भागिले (९२ गुणिले ४२), ०.४३ सेकंद. यात आउटपुट नाहीच. याचा एक फायदा, थर्मोडायल्यूशन का फिक हा वाद आरसीला लागू होत नाही. आणि एक तोटा, आरसी हा आर आणि सीचा स्वतंत्र पुरावा नाही, तो प्रेशरचाच दुसरा चेहरा आहे. शिवाय एलए प्रेशर वजा होतं फक्त आरमध्ये, सीमध्ये नाही. म्हणून पुढे तुंबारा असला की आरसी आपोआप आखूड दिसतो. तेवढ्याच पीव्हीआरला, एलए प्रेशर जास्त असलेल्या पेशंटमध्ये सी आणखी कमी असतो हे २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात दाखवलंच आहे, कारण आतल्या प्रेशरने धमन्या आधीच ताणलेल्या असतात आणि ताणलेली धमनी कडक.

याच धाग्यावर अंदाज बांधला. तीन चित्रं आधीच तक्त्यात मांडून ठेवली, एलए प्रेशर १० ते १८ आणि आउटपुट ३.५ ते ४.२ अशा पट्ट्यात. पहिल्या चित्रात आर आणि सी दोन्ही तसेच. दुसऱ्यात आर तसाच पण सी प्रेशरच्या उलट्या प्रमाणात बदलणारा (धमनी एक्स्पोनेन्शियल पद्धतीने कडक होत जाते असं धरलं की हे आपसूक येतं). तिसऱ्यात आर पण काही टक्के उतरणारा.

तिसऱ्या चित्रावर माझा आणि एका रेसिडेंटचा बराच वाद झाला. तो म्हणाला, सर, पुस्तकी फिजिऑलॉजी तर उलटं सांगते, एलए प्रेशर उतरलं की धमन्या आणि केशिका कमी फुगतील, काही मिटतील, मग आर वाढायला पाहिजे. मुद्दा बरोबर, नुसत्या रबरी नळ्यांचं मॉडेल हेच सांगतं. पण बीएमव्हीनंतर पीव्हीआर उतरतो हा अनुभव जुना आहे, कारण आवळलेले स्नायू सैल पडतात आणि धमन्यांभोवतीचं पाणी ओसरतं. हे मॉडेलमध्ये नाही. कितपत सैल पडेल ते मॉडेल सांगूच शकत नाही, म्हणून तिसऱ्या चित्रात एक आकडा न देता पट्टाच दिला.

मॅडमना सांगितलं ते एवढंच, की सरासरी प्रेशर फार उतरेल अशी आशा धरू नका कारण झडप उघडली की आउटपुट पण वाढेल, पण सिस्टोलिक त्या मानाने बरंच उतरायला हवं, आणि उतरलं नाही तर धमन्या खरोखर बिघडल्यात असं समजा. मीटिंगमध्ये ठरलं, आधी बीएमव्ही, त्याच टेबलवर लगेच सगळं परत मोजायचं, आणि सहा महिन्यांनी गळती तशीच असेल तर सर्जरीचा विषय परत काढायचा. सर्जरीवाले सर तयार झाले ते मॉडेलमुळे नाही, या शेवटच्या अटीमुळे.

काय झालं

सेप्टम (दोन कर्णिकांमधला पडदा) भोसकून एलएत गेल्यावर थेट प्रेशर २८ च आलं, म्हणजे दुसरा वेज खरा होता. फुगा फुगवला, एरिया ०.८ चा १.६ झाला, मायट्रलची गळती किरकोळ. एलए १३ वर. पीए ६६/३०, सरासरी ४२. नाडी ९०, फिकने आउटपुट ३.८.

पीव्हीआर झाला ७.६. म्हणजे ८.८ वरून जेमतेम १३ टक्के उतरला. नुसता हा आकडा रिपोर्टमध्ये वाचणाऱ्याला वाटेल की काहीच हाती लागलं नाही. पण सी ०.८३ वरून १.१७ वर गेला, ४० टक्के जास्त. आरसी ०.४३ चा ०.५४.

मग खरे एलए, आउटपुट आणि नाडी तिन्ही चित्रांत घालून बघितलं. पहिलं चित्र, काहीच न बदलणारं, सांगतं ८०/२९. ठोक्याला ४२ मिली रक्त आणि डबा जुनाच कडक, म्हणजे झडप उघडूनही सिस्टोलिक चारच मिमी उतरलं असतं. दुसरं चित्र, ७४/३२. आर मोजलेल्या ७.६ वर आणून सी जुनाच ठेवला तर ७६/२५. आणि आर ७.६, सी प्रेशरप्रमाणे सैल, असं दोन्ही धरलं तर ६७/२९, जे खऱ्या ६६/३० च्या अगदी शेजारी. पहिल्या चित्राच्या ८० पासून खऱ्या ६६ पर्यंतच्या १४ मिमीत आर थेट देतो चार, बाकी दहा लवचिकपणाचे.

हे आकडे बघून मला आनंद झाला हे खरं, पण आर आपण नंतर मोजून घातला आहे हे विसरायचं नाही, आणि एका पेशंटवर बसलेलं मॉडेल म्हणजे एका पेशंटवर बसलेलं मॉडेल.

सर्जरीवाल्या सरांनी पीव्हीआर ७.६ बघून विचारलं की मग सिल्डेनाफिल (फुफ्फुसातल्या धमन्या सैल करणारी गोळी) चालू करायचं का. इथे मॅडम ठाम राहिल्या. झडपेचं काम नीट होऊनही पल्मनरी हायपरटेन्शन उरलेल्या पेशंटवर स्पेनमध्ये सिओव्हॅक नावाची ट्रायल झाली, २०१८ मध्ये छापून आली, त्यात सिल्डेनाफिलवाल्यांची तब्येत प्लासिबोवाल्यांपेक्षा (औषध नसलेली गोळी मिळालेल्यांपेक्षा) खालावली. गोळी दिली नाही. पाण्याची गोळी, नाडी हळू ठेवायला मेटोप्रोलॉल, आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, एवढ्यावर घरी सोडलं.

सहा महिन्यांनी इकोत आरव्हीचं सिस्टोलिक ४८, ट्रायकस्पिडची गळती जोरदारवरून मध्यम, उजवा कप्पा आकाराने लहान. बाई शेतात जायला लागली होती, नवरा म्हणाला "आता ऐकतच नाही साहेब." सर्जरीचा विषय परत निघाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सहा महिन्यांनी परत कॅथ केली नाही. चांगल्या असलेल्या पेशंटला माझ्या आलेखासाठी टेबलवर घ्यायचं कारण नव्हतं. त्यामुळे पुढच्या महिन्यांत किती आर उतरला आणि किती सी सुधारला हे वेगळं करता येत नाही. इकोचा एकच आकडा दोघांची बेरीज दाखवतो.

ऑक्सिजनचा खप पुस्तकी न धरता प्रत्यक्ष मोजायला हवा होता. अशक्त, रक्त कमी असलेल्या बाईला १२५ चा आकडा लावणं म्हणजे अंदाजच, आणि तो चुकला तर आर आणि सी दोन्ही हलतात, एक वर गेला की दुसरा खाली. आरसी तेवढा वाचतो.

कॅथेटर पाण्याने भरलेलं होतं, टोकाला सेन्सर असलेलं महागडं नव्हतं. पाण्याच्या नळीत लाट झणझणते आणि सिस्टोलिक जास्त दाखवते, म्हणजे पल्स प्रेशर जास्त आणि सी कमी. फास्ट फ्लश करून (नळीतून झटक्यात सलाईन सोडून) झणझण तपासली होती, ठीक होती, पण ती टेस्ट आधी आणि नंतर दोन्ही वेळा करून ट्रेसिंगवर छापून ठेवली असती तर ४० टक्क्यांच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नसतं.

अख्ख्या फुफ्फुसाला एकच आर देणं हीसुद्धा मोठी सूट आहे. मायट्रल स्टेनोसिसमध्ये खालच्या भागातल्या धमन्या जास्त आवळतात आणि रक्त वरच्या भागाकडे वळतं, एक्सरेत दिसतंच. वर-खाली दोन वेगळे आर-सी घेऊन बघता येईल, पण मग मोजलेल्या आकड्यांपेक्षा मॉडेलमधले अज्ञात आकडे जास्त होतात आणि काहीही बसवता येतं.

आणि एक साधी गोष्ट जी लगेच अमलात आणली. कॅथच्या मशीनमधून फक्त सिस्टोलिक, डायस्टोलिक, मीन एवढं प्रिंट घ्यायची पद्धत होती, कच्ची लाट काही दिवसांनी आपोआप पुसली जायची. आता प्रत्येक बीएमव्हीला आधी आणि नंतरची लाट, वेजचं सॅच्युरेशन आणि नाडी यासकट वेगळ्या फोल्डरला जाते, आणि रिपोर्टमध्ये पीव्हीआरच्या खाली सीची एक ओळ छापली जाते.